कळ न लागणारे हात



गेल्या महिन्यात दवाखान्यात एक काका आले. वय साठीच्या आतलं, उसाची शेती, बारा वर्षांचा मधुमेह. उजव्या अंगठ्याच्या खाली तळपायाला रुपयाएवढी जखम. कशानं झाली विचारलं तर म्हणाले, "कळालंच न्हाई डॉक्टर. चपलेची चूक वर आलीया, ते परवा नातवानं दाखवलं." (अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिला खिळा नसतो. ही आठवडी बाजारातली स्वस्तातली होती.)

मी टेबलावरचा नायलॉनचा जाडसर धागा घेतला, त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळपायाला दहा ठिकाणी टेकवला. दोनच ठिकाणी "हां" आलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो तुमच्यापैकी अनेकांनी मलाही विचारला आहे: "मेलेल्या शिरा परत जित्या करता येत्यात का?"

उत्तर देण्याआधी मी त्यांना सहज म्हणालो की हा धागा, तुम्हाला आता घ्यायला सांगणार आहे ती मऊ चप्पल आणि जखमेसाठी वापरतात ते पायाचं प्लास्टर, हे सगळं आपल्याकडे कुष्ठरोगाकडून आलं आहे. काका खुर्चीत दचकले. मला म्हणजे रक्तपिती झाली का, हा भाव चेहऱ्यावर स्पष्ट होता. नाही. मधुमेह वेगळा, कुष्ठरोग वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण दोन्ही आजार मज्जातंतू खातात. आणि मज्जातंतू गेलेला हात-पाय कसा सांभाळायचा, हे जग ज्या रुग्णांकडून शिकलं त्यांना आपण गावाबाहेर ठेवलं होतं. म्हणून आज औषधांची माहिती न देता थोडा इतिहास सांगतो.

शीर तुटली म्हणजे काय होतं?

आपण बोलताना "शीर" म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांत फरक करत नाही. इथे विषय मज्जातंतूचा. त्याच्या आत हजारो बारीक तंतू असतात आणि प्रत्येक तंतूची मूळ पेशी पाठीच्या कण्यात किंवा कण्याशेजारी असते. म्हणजे तुमच्या करंगळीला चटका कळवणारा तंतू मानेपासून करंगळीपर्यंत सलग असतो.

1850 साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर या डॉक्टरांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिलं. कापलेल्या जागेच्या पुढचा भाग काही दिवसांत विरघळून जातो, मुळाकडचा भाग मात्र टिकतो, हे त्यांनी दाखवलं. ऊसवाल्यांना हे समजायला सोपं आहे. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असेल तर खोडवा फुटतो. मज्जातंतूचंही तसंच. बुडखा म्हणजे मूळ पेशी. फुटवा मात्र योग्य सरीतून पुढे जायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात हातापायांना गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येनं आले, तेव्हा ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये या इजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. नुसता दाब बसला, आतला तंतू शाबूत: काही आठवड्यांत बरं होतं. आतले तंतू तुटले पण बाहेरची नळी शाबूत: फुटवा त्याच नळीतून पुढे सरकतो, वेळ लागतो. नळीसकट सगळंच तुटलं: शिवल्याशिवाय भागत नाही, आणि शिवूनही पूर्ण पूर्वीसारखं होईल असं नाही.

वेळ किती? फुटवा दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कोपराजवळ तुटलेला तंतू तळहातापर्यंत यायला तीसेक सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे दहा महिने. तोवर तळहाताचे छोटे स्नायू सुकत जातात. वर्ष-दीड वर्ष उलटलं की तंतू येऊन पोचला तरी स्नायू त्याला ओळखत नाही. म्हणून "तेल लावून नस मोकळी होते" अशा जाहिराती पाहिल्या की मला चीड येते. तेलानं नुकसान होत नाही, पण हातचे महिने निघून जातात.

आश्रय मिळाला, हात मिळाले नाहीत

आता कुष्ठरोग. 1873 मध्ये नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सन यांनी त्याचा जंतू दाखवला. हा रोग शाप नाही, वंशातूनही येत नाही, हे तेव्हाच सिद्ध व्हायला हवं होतं. पण आपल्याकडे 1898 चा कायदा आला, त्यात कुष्ठरोग झालेल्या निराधार माणसाला पकडून कोंडता येत होतं. तो कायदा पुस्तकातून पुरता निघाला 2016 साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी तरतूद तर 2019 पर्यंत होती.

महाराष्ट्रानं या माणसांना आसरा दिला, हेही तितकंच खरं. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय 1890 चं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभारलं, मग वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आपल्या बाजूला मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय. आणि कोल्हापुरात शेंडा पार्क. माझ्या लहानपणी घरातली मोठी माणसं ते नाव घेताना आवाज खाली आणायची, एवढं मला आठवतं.

1940 च्या दशकात सल्फोन गटाची औषधं आली, डॅप्सोन त्यातलंच. जंतू मरू लागले. पण वाकडी झालेली बोटं तशीच राहिली. जंतू गेलेला माणूसही गावाच्या दृष्टीनं महारोगीच राहिला, कारण गाव जंतू बघत नाही, हात बघतं.

हात वाकडा का होतो? हा जंतू थंडाव्याला वाढतो. शरीरात खोलवर त्याला मानवत नाही, त्वचेलगत मानवतं. मज्जातंतूला वेढणाऱ्या श्वान पेशींमध्ये तो घर करतो, आणि शरीर त्याच्याशी लढताना मज्जातंतू सुजतो, दबतो. जिथे मज्जातंतू कातडीच्या अगदी खाली येतो तिथे घात होतो: कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या आतल्या हाडामागे, चेहऱ्यावर डोळ्याजवळ. कोपराला काही आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ना, तोच तो मज्जातंतू. तो गेला की करंगळी आणि अनामिका पंज्यासारखी वळतात.

एक हस्तांदोलन

पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर मिशनरी आईबापांच्या पोटी. लंडनला शल्यशास्त्र शिकून 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी चिंगलपट्टूच्या कुष्ठधामात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्याबरोबर फिरताना त्यांनी विचारलं, या हातांचं काय करता? कॉक्रेन त्वचारोगाचे. त्यांनी उलट विचारलं, हाडांचे डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा. तोवर जगभरातल्या अस्थिशल्यविशारदांनी या लाखो हातांकडे जवळजवळ पाहिलंच नव्हतं.

ब्रँडनी एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितला. वाकड्या, निर्जीव दिसणाऱ्या त्या पंजानं इतक्या जोरात पकड घेतली की नखं रुतून त्यांना कळ आली. ती कळ ही या इतिहासातली कलाटणी. पकड जोरदार, याचा अर्थ पुढच्या हाताचे स्नायू चांगले आहेत. रोग सगळा हात खात नाही, ठरावीक मज्जातंतूच खातो.

मग मार्ग सापडला. मज्जातंतू लांबवर आतून कठीण झालेला असतो, तो शिवून फायदा नाही. पण चांगल्या स्नायूची दोरी, म्हणजे स्नायुबंध, सोडवून बोटांना नव्या जागी जोडता येते. 1948 पासून अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. तुमच्या लक्षात येईल की ही मज्जातंतूची दुरुस्ती नाहीच. तुटलेली तार तशीच ठेवून दुसऱ्या मोटारीवरून पट्टा फिरवल्यासारखं आहे. पण रुग्णाला आपला घास आपल्या हातानं खाता येऊ लागला. नंतर मेंदूला शिकवावं लागतं, कारण काल मनगट हलवणारा स्नायू आज बोटं हलवतो. त्यासाठी आठवड्यांची फिजिओथेरपी लागते, आणि आजही रुग्ण कंटाळून सोडतात ती हीच पायरी.

यात एक कडू गोष्ट घडली, ती ब्रँडनीच सांगून ठेवली आहे. बरे झालेले काही जण परत येऊन म्हणाले, हे हात भीक मागायला चांगले नाहीत. सरळ बोटांना कोणी पैसा देईना आणि "पूर्वी महारोग होता" म्हटल्यावर काम कोणी देईना. म्हणून 1951 मध्ये वेल्लोरला नवजीवन केंद्र निघालं. तिथे सुतारकाम शिकवू लागले. आणि तिथेच दुसरा शोध लागला.

बोटं झडतात ती रोगानं, असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँडनी या मुलांच्या प्रत्येक जखमेचा माग काढला. गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडत नव्हतं, ते एका पोरानं किल्ली पिरगाळून झटक्यात उघडलं. त्याचं बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर दिसलं की उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला जाग येत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देऊ लागले. बोटं रोग खात नव्हता. कळ लागत नव्हती म्हणून ती झिजत होती.

पुण्या-मुंबईतलं काम

आपल्याकडे हे काम पुढे नेणारं मोठं नाव डॉ. नोशीर अँटिया. जन्म 1922, हुबळी. इंग्लंडला प्लास्टिक सर्जरी शिकून परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसलेली नाकं, न मिटणाऱ्या पापण्या, वाकडी बोटं दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांच्या बरोबरीनं दाखल करून घेतलं. माझ्या मते हे त्यांच्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा अवघड होतं. 1975 मध्ये त्यांनी संशोधन संस्था काढली आणि तिथे कुष्ठरोगातला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं अभ्यासला गेला. त्याच माणसानं अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. चट्टा पहिल्यांदा शेजारणीला दिसतो, सर्जनला नाही, हे त्यांना पटलं होतं.

डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन. ही बहुविध औषधं आजही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा एक वर्ष. 2005 अखेर देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं आणि वर्तमानपत्रांनी "कुष्ठरोग संपला" असं छापलं. संपला नव्हता. 2022 मध्ये भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले, जगातल्या निम्म्याहून जास्त.

मग शिरा जित्या होतात का?

प्रयत्न चालू आहेत. 1991 च्या सुमारास दक्षिण भारतात घोट्यामागच्या मज्जातंतूचा खराब तुकडा काढून तिथे रुग्णाच्याच स्नायूची निर्जीव केलेली पट्टी बसवली गेली, फुटव्याला सरी म्हणून. काहींच्या तळपायात थोडी संवेदना परत आली. 2013 मध्ये एडिंबरात अनुरा रंबुक्काना यांच्या गटानं दाखवलं की हा जंतू उंदराच्या श्वान पेशींना मूळ पेशींसारखं बनवतो. शत्रूची ही करामत उद्या दुरुस्तीसाठी वापरता येईल का, यावर विचार सुरू आहे. आज दवाखान्यात देता येईल असं त्यातलं काही नाही. "स्टेम सेल"च्या नावानं कोणी लाखभर रुपये मागितले तर आधी मला फोन करा.

हातात आहे ते म्हणजे वेळ. नव्यानं बळ किंवा संवेदना गेली असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केल्यास मज्जातंतू वाचण्याची शक्यता चांगली असते. आणि हा झटका औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही येऊ शकतो. "कोर्स संपला, आता कशाला जायचं" म्हणून घरी बसलेल्यांचे हात मी पाहिले आहेत.

एक ताई आठवतात. पाठीवर फिकट चट्टा, तिथे घाम येत नाही, स्पर्श कळत नाही. दोन वर्षं लपवला, कारण मुलीचं लग्न व्हायचं होतं. आल्या त्या भाकरी भाजताना बोटं पोळून आणि पोळल्याचं न कळून. मुलीचं लग्न झालं होतं. ताईंची करंगळी वळली होती.

आता काकांचा धागा. ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले. तिथेच पुढे 1980 च्या दशकात तपासून ठरलं की 10 ग्रॅम दाबाचा धागा तळपायाला कळत नसेल तर त्या पायाला जखमेचा धोका आहे. प्लास्टर घालून तळपायाची जखम भरायची युक्ती श्रीलंका आणि भारतातल्या कुष्ठधामांत 1930 च्या दशकातली, तीही त्याच वाटेनं मधुमेहींकडे आली. मऊ रबराची, एमसीआर नावाची चप्पल वेल्लोरकडची.

काकांना ती चप्पल घ्यायला सांगितली. रंग काळा, दिसायला अगदीच साधी. "ही घालून बाजारात जाऊ?" म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, "त्या पोराचं, किल्लीवाल्याचं, पुढं काय झालं?" मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. दर रात्री तळपाय आरशात बघायचं काम नातवाकडे दिलंय. पुढच्या सोमवारी ड्रेसिंग.