गुलमर्गची ‘पावडर’: रीलमध्ये दिसणारा तो बर्फ नेमका कुणासाठी?

जानेवारी उजाडला की फीडवर गुलमर्ग सुरू होतं. कंबरेएवढ्या बर्फातून कुणीतरी स्कीवरून तरंगत खाली येतंय, मागे पांढरा धुरळा उडतोय, आणि खाली कमेंट्समध्ये ‘पुढच्या वर्षी पक्कं’ असं म्हणत मित्रांना टॅग केलं जातंय. कुर्ला-घाटकोपरच्या मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये तासभर कुडकुडून आलेल्यांना तर वाटतं, बर्फ आपल्या ओळखीचाच आहे.

पण तो बर्फ वेगळा आणि हा वेगळा. रीलमधला बर्फ म्हणजे ‘पावडर’, आणि पहिल्यांदा स्कीइंग करणाऱ्यासाठी तो नसतोच.

पावडर म्हणजे काय?

नुकताच पडलेला, कोरडा, भुसभुशीत बर्फ म्हणजे पावडर. मुठीत धरून दाबला तर त्याचा गोळा होत नाही, पिठासारखा बोटांतून निसटतो. साधारण ताज्या बर्फाचा ढोबळ हिशोब असा: १० सेंटीमीटर थर वितळला की १ सेंटीमीटर पाणी मिळतं. पावडरमध्ये तेवढ्याच पाण्यातून १५-२० सेंटीमीटरचा थर तयार होतो, कारण मध्ये हवाच जास्त असते. म्हणून स्की त्यात रुतते आणि तरंगतेही. पडलं तरी फारसं लागत नाही. मॉलमधला बर्फ मात्र हजारो पायांखाली दबून घट्ट झालेला असतो.

गुलमर्गला तो इतका का पडतो, हे आपल्या पावसाळ्यावरून समजून घेता येईल. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि घाटमाथ्यावर धो धो कोसळतात. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ तसेच पीर पंजालच्या रांगेला अडतात. फरक एवढाच की तिथलं तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, त्यामुळे पाण्याऐवजी बर्फ पडतो. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा काश्मीरमधला सर्वांत कडक थंडीचा काळ. जानेवारी-फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

छोटं गाव, मोठा डोंगर

आल्प्समधल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये डझनावारी लिफ्ट असतात. गुलमर्गचा कारभार त्यापुढे अगदीच आटोपशीर: दोन टप्प्यांचा गोंडोला, एक चेअरलिफ्ट आणि नवशिक्यांसाठी काही छोट्या लिफ्ट. तरीही जगभरातले स्कीअर इथे येतात, ते गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यामुळे. इथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब काढला होता. गोंडोलाचा पहिला टप्पा मात्र १९९८ मध्ये आला आणि दुसरा २००५ मध्ये. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली उतरायला जो प्रचंड उतार आहे, त्याचा फार थोडा भाग आखलेला आणि देखरेखीखाली आहे. बाकी सगळा मोकळा डोंगर. रील बनतात त्या तिथल्या.

नवशिक्यांची जागा खाली आहे. गुलमर्गचं कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथले सौम्य उतार शिकण्यासाठी उत्तम आहेत. पहिला दिवस जड बुटांत चालायला आणि पडल्यावर उठायला शिकण्यातच जातो. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करत थांबायला शिकवतात. ते जमलं की वळणं. दोन-तीन दिवसांत या उतारावर आत्मविश्वास येतो. पावडरमध्ये उतरायला मात्र हंगामामागून हंगाम घालवावे लागतात. नीट शिकायचं असेल तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था १९६८ पासून गुलमर्गमध्ये आहे. तिथे मुक्कामी अभ्यासक्रम चालतात. तासाभराच्या ‘स्की राइड’पेक्षा तो कधीही बरा सौदा.

धोका कुठे आहे?

ज्या भुसभुशीतपणामुळे पावडर हवीहवीशी वाटते, त्यातच हिमस्खलनाचंही मूळ आहे. बर्फ थराथरांनी साचतो. मध्ये बरेच दिवस कोरडी थंडी पडली, तर जुन्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर एका वादळात मीटरभर नवा बर्फ येऊन बसला की खालचा थर तो पेलत नाही. एका स्कीअरच्या वजनानेही अख्खी लादी सुटते. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक. स्कीअरना आवडणारे उतारही नेमके तेवढेच.

अफरवटवर हे वारंवार घडलं आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गजवळ हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. बर्फाचंच प्रशिक्षण घेणारी ही माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू असताना, वर एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिली दहा-पंधरा मिनिटं चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. वाचवायचं ते सोबतच्याने. म्हणून अनुभवी लोक बीकन, लांब काठीसारखा प्रोब आणि फावडं जवळ असल्याशिवाय आखीव हद्द ओलांडत नाहीत. गाइडकडे हे तिन्ही नसेल, तर त्याच्यासोबत वर स्की करायला जाऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

दुसरा धोका कमी नाट्यमय, पण मुंबईकरांना जास्त भेटणारा: उंची. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर आहे. गोंडोला त्याच्या दुपटीहून वर नेतो. सकाळी समुद्रसपाटीवर अंधेरीत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी ३,९५० मीटरवर उभा राहिला, तर डोकेदुखी, मळमळ, धाप लागणं यात नवल नाही. त्यामुळे पहिला दिवस खालीच काढावा. वर त्रास होऊ लागला तर फोटो राहू द्यावेत आणि खाली यावं.

जायचं कसं?

अंधेरी-सहारच्या विमानतळावरून श्रीनगरला थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येतं. बोरिवलीकरांना रेल्वेचा पर्यायही आहे: वांद्रे टर्मिनसहून सुटणारी स्वराज एक्स्प्रेस बोरिवलीला थांबते आणि कटऱ्यापर्यंत जाते, जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे चढ लागतो आणि बर्फ पडत असेल तर चेन लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी लागते. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली बरी, पण जोराचा वारा सुटला की तो बंद राहतो. प्रवास विमा घेताना साहसी खेळ वगळलेत का, ते बारीक अक्षरात पाहावं; अनेकदा वगळलेले असतात.

आणि बर्फच नसेल तर? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं भर हंगामात उघडी होती, त्या फोटोंनीही सोशल मीडिया भरला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. म्हणून सुट्टी टाकायची असेल तर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची टाकावी आणि हॉटेल घेताना तारीख बदलता येते का, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं.