रुईचें बोंड

इतिहास हा बहुधा हिशेबाच्या वह्यांवरून लिहिला जातो. ज्या मालावर जकात बसली, ज्याचें वजन झालें, ज्याच्या खरेदीविक्रीचे कागद मागें उरले, त्याचा इतिहास सांगणें सोपें असतें. जो माल कोणीं कधीं तराजूंत घातलाच नाहीं, तो शतकानुशतकें लोकांच्या हातांत असूनही ग्रंथांत येत नाहीं. नांदेड आणि लातूर या भागाकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट विशेष लक्षांत येते. कारण तेथें एकाच नांवाच्या दोन वस्तू शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. एकीचा इतिहास सविस्तर लिहितां येतो. दुसरीचा शोधून काढावा लागतो. दोहींचेंही नांव रुई.

पहिली रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. गोदावरीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत होणारा गावरानी कापूस त्याच्या लांब धाग्याबद्दल नांवाजलेला होता. १९०० च्या सुमारास हैदराबादहून निघालेली गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे मनमाडास जाऊन मिळाली आणि नांदेडचा माल मुंबईच्या वाटेला लागला. लातूर त्या वेळीं निजामी राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्यें झाला. तेथें १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग पोंचला. नांदेडास उस्मानशाही मिल उभी राहिली. सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने निघाले, अडती वाढल्या, सावकारी वाढली. आज ती गिरणी बंद आहे, अरुंद रूळही उखडले गेले आहेत. परंतु गाठी किती गेल्या, भाव काय फुटला, भाडें किती पडलें, हें कोठल्या ना कोठल्या दप्तरांत नोंदलेलें आहेच.

दुसरी रुई त्याच शेताच्या बांधावर, गायरानांत, पडक्या कोटाच्या पायथ्याशीं उगवते. शनिवारीं मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही. तिला कोणी पेरीत नाहीं, पाणी घालीत नाहीं; गुरेंही सहसा तोंड लावीत नाहींत, कारण तिच्या अंगांत चीक आहे व तो विषारी आहे. दुष्काळांत सारें शिवार करपलें तरी ती हिरवी राहते. तिच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात. एक उंच, जिच्या फुलाच्या पाकळ्या पसरलेल्या असतात. दुसरी कांहींशी ठेंगणी, जिच्या पाकळ्या उभ्या असून टोकांशीं जांभळ्या असतात. पांढऱ्या फुलांच्या झाडास मांदार म्हणून निराळा मान आहे. या झाडाला कैरीसारखें फुगीर बोंड येतें. तें उकललें म्हणजे आंतून रेशमासारखा पांढराशुभ्र कापूस बाहेर पडतो. वाऱ्यावर तरंगत येणारें त्याचें बीं म्हणजेच आपल्या मुलांची 'म्हातारी'. तिच्यामागें धांवलें नाहीं असें मूल महाराष्ट्रांत विरळाच.

या झाडाची आपल्या पूर्वजांना ओळख नव्हती असें मुळींच नाहीं. संस्कृतांत तें अर्क, म्हणजे सूर्याचें झाड. रथसप्तमीच्या स्नानाला त्याचीं पानें लागतात. तिसरेपणाच्या वराचें लग्न आधीं त्याच्याशीं लावण्याची चाल होती. १९०९ मध्यें म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, धनुष्याची दोरी कशाकशाची करावी हें सांगतांना मूर्वा व ताग यांच्याबरोबर अर्काचें नांव आलें आहे. ती दोरी फांदीच्या सालीपासून काढीत. त्याच ग्रंथांत सूतकामावरील अधिकाऱ्यानें विधवा, अपंग स्त्रिया व मुली यांच्याकडून जें सूत कातून घ्यावें, त्यांत कापसाहून वेगळें असें 'तूल'ही सांगितलें आहे. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंच्या उशांसाठीं तीन प्रकारच्या तुलाची परवानगी आहे: झाडांचें, वेलींचें आणि गवताचें. त्याच ग्रंथांत अर्काच्या दांड्यांचें वस्त्र मात्र निषिद्ध ठरविलें आहे. शुक्रनीतींत बंदुकीच्या दारूसाठीं जो कोळसा सांगितला आहे, तो अर्काचा व निवडुंगाच्या जातीच्या स्नुहीचा. देव, सैन्य आणि संन्यासी या तिघांच्याही हिशेबांत रुईला जागा मिळाली. पण बोंड वेंचणारा हात मात्र त्यांतल्या एकाही पानावर नीट दिसत नाहीं.

तो हात काय जाणत असे, हें पाहण्यासारखें आहे. रुईला फुलांचे झुबके भरपूर येतात, पण बोंडें त्या मानानें थोडीं. तिचा पराग भुकटीसारखा सुटा नसतो. त्याच्या मेणचट गोळ्या असतात, व त्या बहुधा मोठ्या काळ्या भुंग्याच्या पायांना चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. भुंगा फिरला नाहीं तर फूल वांझ राहतें. म्हणून झाडें दाट दिसलीं तेथें बोंडें मिळतीलच असें नाहीं. जाणत्यानें आदल्या वर्षीं बोंडें कोठें धरलीं होतीं तें ध्यानांत ठेवावें, तेंच उपयोगीं पडतें.

वेंचणीचा मुख्य हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. यांत सारें कौशल्य वेळ साधण्याचें आहे. हिरवें बोंड तोडलें तर आंतलें रेशीम ओलें व चिकट असतें, बियां पांढऱ्या असतात, आणि तें वाळण्याऐवजीं आकसून काळें पडतें. चार दिवस उशीर झाला तर बोंड झाडावरच उकलतें व माल वाऱ्याच्या मालकीचा होतो. साल पिंवळट-करडी झाली, अंगठ्यानें दाबतांच शिवण सहज सुटूं लागली, आणि आंत पाहतां बियां तपकिरी दिसल्या, म्हणजे वेळ आली असें समजावें. तोडणी सकाळीं, वारा सुटण्यापूर्वीं करावी. देठ मोडतांच चीक गळतो. तो डोळ्यांत गेला तर बुबुळास इजा होऊन दृष्टि अधू होऊं शकते. तेव्हां लहान मुलांना तोडणीला लावूं नये, आणि मोठ्यांनींही हात धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नयेत.

तोडलेलीं बोंडें ढिगानें ठेवलीं तर उबतात व बुरसतात. तीं तरटावर एकेरी थरानें पसरून, वर विरळ फडकें घालून, मोकळ्या हवेंत वाळवावीं. फडकें न घातल्यास दोन दिवसांनीं अंगणांत सालीच उरतील. बियांपासून कापूस वेगळा करण्याचीही एक हिकमत आहे. बोंड नुकतें उकलूं लागलें असतां आंतील बिया माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसलेल्या असतात आणि रेशीम अजून मिटलेलें असतें. त्या रेशमाचें टोंक चिमटींत घट्ट धरून बियांवर अंगठा फिरविला म्हणजे त्या झरझर गळून पडतात. एकदां रेशीम फुललें कीं हें काम दसपट अवघड होतें. या कापसाला पिंजाऱ्याच्या कमानीची गरज नाहीं; तो जात्याच पिंजलेला असतो. तो उशींत भरावा, हा त्याचा मुख्य परंपरागत उपयोग. ज्यांना शेतांतल्या कापसावर हक्क नव्हता, त्यांच्या डोक्याखालीं बांधावरचा कापूस येई.

मग सूत कां नाहीं? कापसाचा तंतू वाळतांना चपटा होऊन स्वतःभोंवतीं पिळतो. त्या पिळामुळें एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो. रुईचा तंतू सरळ, गुळगुळीत व पोकळ असून त्याच्यावर मेणासारखा थर असतो; त्यामुळें एकट्या रुईचा धागा टिकत नाहीं. कारखान्याच्या दृष्टीनें हा दोष झाला, आणि त्या दोषावरच तिची किंमत शून्य ठरली.

पण किंमत ही वस्तूंत असते कीं गरजेंत, याचा निवाडा दुसऱ्या महायुद्धानें अमेरिकेंत करून दाखविला. बुडत्या खलाशांना तरंगत ठेवणारीं जाकिटें त्या काळीं जावा बेटांतून येणाऱ्या कपोकानें, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसासारख्या कापसानें, भरीत. १९४२ मध्यें जावा जपान्यांच्या हातीं गेलें आणि हा पुरवठा तुटला. तेव्हां शिकागोचे डॉक्टर बोरिस बर्कमन यांनीं माळावर उगवणाऱ्या एका चिकाळ झुडपाकडे बोट दाखविलें. तें आपल्या रुईचेंच सगोत्र. लिनीयसनें १७५३ मध्यें दोघांना एकाच नांवाखालीं घातलें होतें, पुढें रॉबर्ट ब्राऊन यानें आपली रुई वेगळी काढली. सूत होऊं न देणारा पोकळपणा आणि मेणाचा थर हेच तरंगण्याचे गुण ठरले. मिशिगन संस्थानांत पेटोस्की येथें कारखाना उभारला गेला. १९४४ च्या शरद ऋतूंत शाळेंतील मुलें कांद्याच्या जाळीदार पोत्यांत बोंडें भरून तीं कुंपणावर वाळत घालीत होतीं. दोन पोतीं बोंडांत एका माणसाचें जाकीट होतें, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. युद्ध संपलें, कपोक परत मिळूं लागला, कृत्रिम तंतू आले, आणि तें झुडूप पुन्हा तण झालें. झाड तेंच होतें. मधल्या दोन वर्षांत फक्त तराजू बदलला होता.

आतां तो तराजू आपल्याकडेही हलूं लागला आहे. तामिळनाडूंत रुईचे तंतू कापसांत मिसळून वस्त्र करण्याचे प्रयत्न झाले आहेत; केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग खात्यानें ज्या नव्या तंतूंकडे लक्ष दिलें आहे, त्यांत रुईचें नांव आहे. ही गोष्ट आनंदाची आहे, पण तिजबरोबर एक प्रश्न येतो. बोंडाला भाव आला तर तो कोणाच्या पदरांत पडणार? आजवर त्याला मालक नव्हता, म्हणून तें वेंचणाऱ्याचें होतें. बांध नांगराखालीं जात आहेत, गायरानें आक्रसत आहेत. पहिल्या रुईनें या मुलखाला वैभव दिलें तसें कर्जही दिलें. पिकविणारा एक आणि श्रीमंत होणारा दुसरा, हा धडा नांदेड-लातूरच्या बाजारपेठांनीं पुरेसा शिकविला आहे. दुसऱ्या रुईच्या वांट्याला तोच धडा येऊं द्यावयाचा नसेल, तर वेंचणाऱ्याचा हक्क खरेदीची पहिली पावती फाटण्यापूर्वींच ठरला पाहिजे. तसेंच कांहीं बोंडें झाडावर राखलीं पाहिजेत. नाहीं तर रुई स्वतःचें बीं कोठून पेरणार?

मीमांसक शबरस्वामींनीं एके ठिकाणीं असा आशय सांगितला आहे कीं, वाटेवरच्या अर्कावरच मध मिळत असेल तर त्यासाठीं डोंगर चढण्याचें कारण नाहीं. शास्त्रकारांनीं तो दृष्टांत वादासाठीं वापरला. आम्हांस तो मराठवाड्याच्या बांधावर अगदीं अक्षरशः खरा वाटतो. मध आहे कीं नाहीं हा प्रश्न आतां फारसा उरलेला नाहीं. तो कोणी चाखावयाचा, एवढेंच ठरावयाचें आहे. आणि या खेपेस तरी हिशेबाच्या वहींत मालाच्या वजनाशेजारीं वेंचणाऱ्या हाताचें नांव लिहिलें जावें, म्हणजे पुढच्या इतिहासकाराला तें शोधीत बसावें लागणार नाहीं.