वाघ चालला, गोष्ट कुणी सांगितली?

२०१९ च्या डिसेंबरात आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक वाघ येऊन पोहोचला. त्याचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली, जूनमध्ये तो टिपेश्वरमधून निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा असा फिरत पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून इकडे आला. कागदोपत्री त्याचे नाव 'टी१सी१', वर्तमानपत्रांत 'वॉकर'. पुढे मार्च २०२० पर्यंतची त्याची सगळी चाल मोजली गेली, तेव्हा आकडा ३००० किलोमीटरपर्यंत गेला.

जानेफळात आम्हा लोकांना वाघाची बातमी म्हणजे नवलच. रोही आणि रानडुकरे शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची. अस्वलाचे किस्सेही ऐकायला मिळतात. पण वाघ? वर्गात मी ही बातमी सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वो बीवी ढूंढने को आया था?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग लक्षात आले की पोराने हे मनाने सांगितलेले नाही. कुठल्या तरी व्हिडिओत त्याने तसे ऐकले होते. प्रेमाच्या शोधात निघालेला वाघ अशीच ती गोष्ट देशभर फिरली, परदेशातही गेली.

आता नीट पाहा. उपग्रहाकडून आलेली माहिती एवढीच होती की वाघ अमुक वेळी अमुक ठिकाणी होता. असे पाच हजारांहून जास्त ठिपके नकाशावर पडले. शास्त्रज्ञांनी त्यावरून तीन शक्यता मांडल्या: स्वतःचे क्षेत्र, भक्ष्य किंवा जोडीदार. गोष्ट सांगणाऱ्यांनी त्यातली तिसरी उचलली, कारण ती ऐकायला गोड. ठिपके तेच राहिले, निवेदक बदलला आणि वाघ आशिक झाला. वन्यजीवांचे माहितीपट पाहताना आपले मन कसे घडते, ते या एका उदाहरणात आले. पडद्यावर जनावर दिसते, पण त्याचा अर्थ आपल्याला कानातून मिळतो.

ही रीत टीव्हीने आणलेली नाही. आपल्याकडे चित्र एकटे कधी आलेच नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यानपिढ्या चित्रकथी सादर करतात. कागदावर रंगवलेले एकेक चित्र समोर धरायचे आणि गात, बोलत कथा पुढे न्यायची. याच कलेसाठी तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडायची आणि सोबत संवाद, गाणी, निवेदन. सिनेमा यायच्या आधीच मराठी माणूस अंधारात बसून पडद्यावरची चित्रे पाहत होता आणि शेजारून कुणी तरी त्याला त्यांची गोष्ट सांगत होते.

उर्दूकडे याच्या उलटी रीत होती. दास्तानगो चित्राशिवाय सांगायचा. अमीर हमजाची दास्तान रात्रीमागून रात्री चालायची. जिन, परी, जंगल, लढाई, सगळे फक्त आवाजात. दिल्लीचे मीर बाकर अली हे या परंपरेतले शेवटचे मोठे दास्तानगो मानले जातात. ते १९२८ मध्ये वारले. मी वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मला चित्रकथी आणि दास्तानगो सख्खे भाऊ वाटतात. एकाच्या हातात चित्र आहे, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, पण दोघांनाही एक गोष्ट ठाऊक आहे: ऐकणारा जे पाहतो ते आपल्या शब्दांतून पाहतो.

याला एक सुंदर अपवादही महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म बनवली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर मात्र काही क्षणांत बी फुटले, कोंब आला, वेल वाढली. ना आवाज, ना संगीत. पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे करायला फाळक्यांना या फिल्मचा उपयोग झाला. निसर्गाचे चित्रण कुणी काही न बोलताही माणसाला थक्क करू शकते, हे आपल्याकडे तेव्हाच दिसून आले होते.

पुढे आवाज आला आणि सोबत अधिकारही. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी त्यांचे माहितीपट दाखवणे बंधनकारक होते. धरणे, शेती, लसीकरण, अभयारण्ये, सगळ्यांवर तोच भारदस्त पुरुषी आवाज. मराठीसह अनेक भाषांत निवेदन व्हायचे, पण सूर एकच: आम्ही सांगतो, तुम्ही ऐका. लोक ते ऐकत, पण अनेक जण तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे घेऊन येत. आवाज कितीही मोठा असला तरी त्यात आपल्याशी बोलणारा माणूस नसेल, तर मन उठून जाते. एस. सुखदेव यांनी १९६७ चा भारत टिपणारी आपली फिल्म निवेदनाशिवाय केली, ती याच संस्थेसाठी. म्हणजे या आवाजाचा कंटाळा घरातल्यांनाही आला होता.

त्याच १९४८ मध्ये अमेरिकेत वॉल्ट डिस्नेने 'सील आयलंड'पासून प्राण्यांवरच्या फिल्मची मालिका सुरू केली. विन्स्टन हिबलर हे तिचे निवेदक. आवाज प्रेमळ, आजोबांसारखा. वाळवंटातले विंचू नाचाच्या संगीतावर फेर धरताना दाखवले आणि लोक खूश झाले. पण १९५८ च्या 'व्हाइट वाइल्डरनेस'मध्ये या प्रेमळ आवाजाने एक मोठी चूक जगभर पसरवली. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्राकडे झेपावताना दाखवले. तो प्रसंग चित्रीकरण करणाऱ्यांनी घडवून आणला होता, हे १९८२ मध्ये कॅनडाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघड केले. तरी लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात हा समज आजही सांगितला जातो. आवाज गोड असला की खोटेही चटकन गळी उतरते, आणि नंतरची दुरुस्ती तेवढ्या कानांपर्यंत पोहोचत नाही.

निवेदक म्हटले की आज जगात पहिले नाव डेव्हिड ॲटनबरो यांचे निघते. १९२६ चा जन्म, १९५४ पासून पडद्यावर. १९७९ च्या 'लाइफ ऑन अर्थ'मधला रवांडातल्या गोरिलांचा प्रसंग अनेकांनी पाहिला असेल. अंगठा बोटांसमोर कसा येतो, वस्तू कशी पकडतो, यावर त्यांना तिथे बोलायचे होते. पण गोरिलांच्या मधोमध बसल्यावर त्यांनी ठरवलेले भाषण बाजूला ठेवले आणि हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत, माणूस आणि गोरिला यांच्यातल्या जवळिकीबद्दल बोलले. शिक्षक म्हणून मला तो क्षण फार शिकवून जातो. पाठाची टाचण तयार असते, पण समोर काही जिवंत घडत असेल तर टाचण मिटता आली पाहिजे.

हाच मोठा निवेदकही वादातून सुटलेला नाही. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या पिल्लांचे गुहेतले दृश्य होते. ते प्रत्यक्षात एका प्राणिसंग्रहालयात चित्रित झाले होते आणि निवेदनात तसे स्पष्ट सांगितले नव्हते. त्यावर ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली. निवेदक जे सांगत नाही, त्याचाही हिशेब प्रेक्षक मागतो. मागायलाच हवा.

आवाज बदलला की फिल्म बदलते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे २००५ ची पेंग्विनवरची फ्रेंच फिल्म. ल्यूक जॅकेट यांनी अंटार्क्टिकात केलेल्या चित्रणावर मूळ फ्रेंच आवृत्तीत पेंग्विन स्वतःच बोलतात: नर, मादी आणि पिल्लू, तिघांचे वेगळे आवाज. अमेरिकेत ते काढून मॉर्गन फ्रीमन यांचे निवेदन घातले आणि त्याच फिल्मला ऑस्कर मिळाले. हिंदीत आवाज होता अमिताभ बच्चन यांचा. एकच बर्फ, तेच पक्षी, पण एका देशात घरगुती नाटक, दुसऱ्या देशात शांत आजोबांची गोष्ट, आणि आपल्याकडे तो आवाज ऐकताच आधी अमिताभ आठवतो, पेंग्विन नंतर.

१९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली, तेव्हा मी शाळकरी होतो. पुढे आमच्यापर्यंत तिचा हिंदी आवाज पोहोचला. त्या आवाजाचे उपकार मी मानतो. सेरेंगेटी, चित्ता, मगर हे शब्द त्यानेच दिले. पण एक नुकसानही झाले. जंगल म्हणजे आफ्रिका आणि जंगलाची भाषा म्हणजे डबिंगची हिंदी, असे मनात बसले. बोथ्याच्या घाटातून एसटी ज्ञानगंगेच्या जंगलातून जायची, तेव्हा खिडकीबाहेर पाहावे असे कधी वाटले नाही. कारण त्या जंगलाची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

सांगणारे नव्हते असे मात्र नाही. सालिम अली हे मुंबईचे. १८९६ चा जन्म. त्यांनी अनेक वर्षे आकाशवाणीवरून पक्ष्यांबद्दल भाषणे दिली. इंग्रजीतली ती भाषणे अलीकडे पुस्तकरूपानेही आली आहेत. रेडिओवर पक्षी दिसत नाही, तरी माणूस पक्ष्याबद्दल बोलतो आणि ऐकणारा खिडकीपाशी जातो. दास्तानगोचेच हे काम. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करत नवेगाव, नागझिरा, मेळघाटची जंगले पायाखाली घातली आणि शब्दही दिले. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा शब्द वाचून झाडाकडे पाहिले की तेच झाड वेगळे दिसते. निवेदकाने आनंदात भर घालायची ती अशी, भावना घुसडून नव्हे तर नेमका शब्द देऊन.

अलीकडे काही दिग्दर्शकांनी निवेदकाला बाहेरून आणणेच सोडले. २०२२ च्या 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये दिल्लीतले दोन भाऊ, नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद, जखमी घारींवर उपचार करतात. फिल्ममध्ये बोलतात ते तेच, आपल्या रोजच्या हिंदुस्थानीत. त्याच वर्षीच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'मध्ये हत्तीच्या पिल्लांना सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली स्वतः बोलतात. तिला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले. जो जनावराला हात लावतो, त्याच्यासाठी रात्र जागतो, त्याच्या तोंडून गोष्ट ऐकली की ती खरी वाटते. त्याला भारदस्त आवाजाची गरज पडत नाही.

माझा वर्गातला एक साधा अनुभव सांगतो. मी दोन तुकड्यांना सिंहिणीच्या शिकारीचे एकच दृश्य आवाज बंद करून दाखवले आणि निवेदन स्वतः केले. एका तुकडीत सुरुवात केली, "या सिंहिणीची पिल्ले दोन दिवसांपासून उपाशी आहेत." दुसऱ्या तुकडीत, "हे झेब्र्याचे पिल्लू आज पहिल्यांदा नदीवर आले आहे." पहिली तुकडी शिकार साधल्यावर टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या तुकडीत एक मुलगी डोळे झाकून बसली. मी दोन्हीकडे एकेकच वाक्य बोललो होतो, आणि दोन्ही वाक्ये मी मनाने रचली होती. हे मुलांना नंतर सांगितले, तेव्हा ती माझ्यावर रागावली. तो राग मला आवडला. बातमी, इतिहास, निवडणुकीतले भाषण, सगळीकडे आवाजामागे कुणी तरी माणूस असतो, हे त्यांना त्या दिवशी कळले असेल तर माझा तास वाया गेला नाही. ज्या समाजाची गोष्ट नेहमी दुसराच कुणी सांगतो, त्या समाजातल्या मुलांना हे लवकर कळलेले बरे.

मग पुन्हा आमच्या वाघाकडे वळलो. नकाशा फळ्यावर काढला आणि म्हटले, निवेदन तुम्ही लिहा, पण ठाऊक नसलेले काही लिहायचे नाही. प्रेमाची गोष्ट लिहिता येईना, तशी मुले अडली. मग शेतकऱ्यांची मुले लिहू लागली: तो रात्री चालत असेल, कारण दिवसा शेतात माणसे असतात. तो ओढ्याच्या कडेने आला असेल, कारण तिथे आडोसा असतो. वाटेत त्याला डांबरी रस्ते लागले असतील. प्रत्येक वाक्यात 'असेल' होते. एकाने उर्दूत लिहिले की वाघ आमच्या जिल्ह्यातून चालत होता तेव्हा आम्ही झोपलो होतो.

इतकी माहितीपट पाहिली, पण वाघाबद्दल इतके प्रामाणिक निवेदन मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. घरात मुलांसोबत असा कार्यक्रम लावाल तेव्हा पाच मिनिटे आवाज बंद ठेवून पाहा. काय दिसते ते मुलांना त्यांच्या भाषेत सांगू द्या. मग आवाज सुरू करा आणि निवेदकाने काय दाखवले, काय जोडले आणि काय गाळले, ते त्यांनाच मोजू द्या.