कै. लक्ष्मीबाई केळकर व राष्ट्र सेविका समितीची स्थापना

स्त्रियांनीं स्थापिलेल्या संस्थांचा इतिहास लिहूं जातां पहिली अडचण साधनांची येते. सनदा, महजर व दरबारी दप्तरें ह्यांत स्त्रीचें नांव आलेंच तर तें बहुधा वारशाच्या अगर देणगीच्या निमित्तानें येतें. तिनें स्वतः उभारलेल्या कार्याचा कागद घरच्या पेटींतच राहतो. विसाव्या शतकाची स्थितिही ह्या बाबतींत फारशी निराळी नाहीं. मुलींना व तरुण स्त्रियांना शारीरिक व बौद्धिक शिक्षण देण्याकरितां वर्ध्यास राष्ट्र सेविका समिति स्थापणाऱ्या कै. लक्ष्मीबाई केळकर ह्यांच्या चरित्रावरून हें स्पष्ट होतें.

लक्ष्मीबाईंचें माहेर नागपूरच्या दाते घराण्यांतलें. माहेरचें नांव कमल. त्यांचा जन्म ६ जुलै १९०५, आषाढ शुद्ध दशमी, शके १८२७, असा सांगितला जातो. परंतु ही तारीख व ही तिथि एकमेकींशीं जुळत नाहींत. १९०५ च्या ३० ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झालें. अर्थात् तो दिवस अमावास्येचा. तेथून दोन चांद्रमास मागें गेल्यास आषाढापूर्वीची अमावास्या २ जुलैस येते. म्हणजे ६ जुलैस शुद्ध चतुर्थी पडते, आणि दशमी १२ जुलैच्या सुमारास. त्या काळीं घरोघर तिथि लक्षांत ठेवीत व तारीख मागाहून बसवीत, हें ध्यानांत घेतां तिथीकडे कल झुकतो. तथापि अखेरचा निर्णय जन्मपत्रिका अगर शाळेचा दाखला ह्यांसारखा समकालीन कागदच देईल. उलटपक्षीं, समितीच्या स्थापनेची विजयादशमी, शके १८५८, आणि २५ ऑक्टोबर १९३६ ह्यांचा मेळ बरोबर बसतो.

लहान वयांतच त्यांचा विवाह वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर ह्यांच्याशीं झाला. १९३२ सालीं वैधव्य आलें, तेव्हां त्यांनीं तिशीही ओलांडली नव्हती. पदरीं मुलें होतीं. मुलगे वर्ध्याच्या संघशाखेंत जात. तेथील शिस्त व कवाईत पाहून, असें शिक्षण मुलींना कां नसावें, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला, व तो त्यांनीं डॉ. केशव बळिराम हेडगेवार ह्यांच्यापुढें मांडला. त्यांतून संघाची स्त्रीशाखा न निघतां स्वतंत्र संस्था निघाली.

हें स्वातंत्र्य कितपत खरें, हा वादाचा विषय आहे. त्याचा पहिला पुरावा नांवांतच आहे. संघाच्या नांवांतील ‘राष्ट्रीय’ व ‘स्वयंसेवक’ हे शब्द जसेच्या तसे न घेतां ‘राष्ट्र’ व ‘सेविका’ हे शब्द योजिले, आणि ‘संघ’ ह्याऐवजीं ‘समिति’ म्हटलें. दुसरा पुरावा अधिकाराचा: प्रमुख संचालिकेचें पद प्रथमपासून स्त्रीकडेच राहिलें, २७ नोव्हेंबर १९७८ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्यावर तें पुण्याच्या सरस्वतीबाई आपटे ह्यांच्याकडे गेलें. परंतु शाखा, कवाईत व भगवा ध्वज हीं संघाशीं समान, व सभासदत्वही हिंदु स्त्रियांपुरतेंच. तेव्हां व्यवस्था निराळी पण विचारकुळ एक, असेंच म्हणावें लागतें.

हें कार्य एकाकी नव्हतें. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्यें पुण्यास भरली होती. १९३० च्या सत्याग्रहांत मुंबईस देशसेविका संघाच्या स्त्रिया केशरी साड्या नेसून निरोधनास उभ्या राहिल्या होत्या. समितीस दोन महिने होतात तोंच, डिसेंबर १९३६ मध्यें, आमच्या खानदेशांत फैजपूर येथें खेड्यांत भरलेलें पहिलें काँग्रेस अधिवेशन झालें, व त्यांतही स्त्रिया स्वयंसेविका म्हणून राबल्या. १९४१ मध्यें राष्ट्र सेवा दल निघालें. त्यांत मुलगे व मुली एकत्र येत. लक्ष्मीबाईंचा मार्ग ह्या सर्वांहून वेगळा. समान हक्कांच्या मागणीपेक्षां त्यांचा भर मातृत्वाच्या आदर्शावर होता, व मुलींपुढें त्यांनीं जिजाबाई, अहिल्याबाई व झांशीची राणी हे तीन आदर्श ठेविले. ऑगस्ट १९४७ मध्यें, फाळणीच्या ऐन दिवसांत, तेथील सेविकांना धीर देण्यास त्या विमानानें कराचीस गेल्या. त्यांची मतें न पटणारासही हें धैर्य मान्य करावें लागेल.

येथें एक विसंगति नजरेस येते. अहिल्याबाईंच्या काळचीं महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें छापून निघालीं, कारण त्यांच्यामागें राज्य होतें. संस्था स्थापणाऱ्या विधवेमागें दप्तरखाना नसतो. म्हणून तिचा इतिहास अनुयायांच्या आठवणींवर उभा राहतो, आणि तिथि-तारखेंत सहा दिवसांचें अंतर पडलें तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं वाडे धुंडाळून कागद जमविले व धुळ्यास १९२६ च्या अखेरीस देह ठेविला. १९२७ मध्यें तेथेंच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्याच दृष्टीनें आतां जळगांव-धुळ्याच्या घरांतील हजेरीवह्या, पत्रें, रोजनिशा व पाठीमागें नांवें लिहिलेलीं छायाचित्रें जमवावींत. त्यांतली मुलगी समितीची होती, सेवा दलाची होती, कीं फैजपूरची स्वयंसेविका होती, हा भेद संग्राहकानें करूं नये. तो पुढील इतिहासकाराचा अधिकार आहे. संग्राहकाचें काम कागद वाळवीच्या आधीं गांठण्याचें.