गावातच एक दिवस: बेळगावात पाव्हण्यांना काय दाखवाल?

घरी पाव्हणे आले की आपण त्यांना गोकाकचा धबधबा दाखवतो, नाहीतर आंबोलीला नेतो. निघताना कुंद्याचा डबा हातात दिला की झालं बेळगाव दाखवून! पण बसस्टँडपासून टिळकवाडीपर्यंतच्या काही किलोमीटरमध्ये आठशे वर्षांचा इतिहास आहे. रोजच्या वाटेवरचा असल्यानं आपणही तो कधी नीट बघितलेला नसतो.

किल्ला आणि कमल बस्ती

मध्यवर्ती बसस्टँडवरून किल्ला चालत जाण्याएवढा जवळ. भोवती खंदक, दरवाजात गणपती आणि दुर्गादेवी. आतला बराच भाग लष्कराकडे आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा.

रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं 1204 साली बांधलेलं नेमिनाथाचं जैन मंदिर म्हणजे कमल बस्ती. मंडपात उभं राहून वर बघा. छताला दगडी कमळ उलटं टांगल्यासारखं दिसतं. त्याला 72 पाकळ्या आहेत: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे प्रत्येकी 24 तीर्थंकर. या मंदिराच्या दानाची नोंद असलेले दोन शिलालेख मात्र बेळगावात नाहीत, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कमळ इथं, त्याचा कागद तिथं!

याच किल्ल्यात आदिलशाही सरदार असदखान लारी यानं सोळाव्या शतकात बांधलेली सफा मशीद आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. स्वामी विवेकानंद 1892 मध्ये बेळगावात आले. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी राहिले, नंतर किल्ल्यात हरिपद मित्र यांच्याकडे.

काँग्रेस विहीर

तिथून रिक्षानं टिळकवाडीला या. 1924 च्या डिसेंबरमध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनात. सगळी जबाबदारी गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती. हजारोंच्या गर्दीला पाणी पुरवायचं म्हणून विहीर खोदली. अधिवेशनाच्या जागेला नाव दिलं विजयनगर आणि विहिरीला पंपा सरोवर. मांडव उठला, विहीर राहिली. शेजारच्या वीरसौधमध्ये त्या दिवसांची आठवण जपलेली आहे. काँग्रेस रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. रस्त्याला हे नाव का पडलं, ते घरातल्या पोरांना विचारून बघा.

त्याआधी आठ वर्षं, 1916 च्या एप्रिलमध्ये, लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली तीही बेळगावातच.

व्हॅक्सिन डेपो

टिळकवाडीतलंच हे झाडीचं मोठं आवार. सकाळी फिरायला येणाऱ्यांना ते मैदान म्हणून ठाऊक आहे. नाव पडलं ते मात्र इथं तयार होणाऱ्या देवीच्या लसीवरून.

संध्याकाळी राजहंसगड

वेळ असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड गाठा. शहरापासून साधारण 15 किलोमीटर, गाडी वरपर्यंत जाते. गडावर शिवरायांचा भव्य पुतळा आहे. मार्च 2023 मध्ये दोन पक्षांनी चार दिवसांत त्याचं दोनदा अनावरण केलं! राजकारण बाजूला ठेवून सूर्यास्त बघा, सगळं बेळगाव पायाशी दिसतं.

एवढं ध्यानात ठेवा

सकाळी लवकर किल्ल्यापासून सुरुवात करा. देवळात आणि मशिदीत चपला बाहेर काढा, फोटोआधी विचारा. परत येताना कपिलेश्वराचं दर्शन वाटेत होतं.

खर्च म्हणाल तर रिक्षाभाडं, चहा-नाष्टा आणि कुंदा, एवढाच. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना पहिल्यांदा सीमावाद आठवतो. तो आहेच, पण पाव्हणे परत जाताना त्यांच्याजवळ सांगायला आणखीही काही असावं. त्यासाठी आधी आपण बघितलेलं पाहिजे. येत्या रविवारी पोरांना घेऊन निघा, पाव्हण्यांची वाट कशाला बघायची?