ताईची हुडहुडी

२००४ साली माझ्या थोरल्या बहिणीला बाळंतपणात रक्त चढवावे लागले. अमडापुराहून तिला तालुक्याबाहेर नेले होते. उशाशी मी बसलो होतो. पाव पिशवीही आत गेली नसेल, तोच तिला हुडहुडी भरली. नर्सबाईंनी नळी बंद केली, अंगावर घोंगडी टाकली. "होतं असं कधीकधी, भाऊ," म्हणाल्या नि गेल्या. ताई बरी झाली. घरी आणलेल्या कागदांत मात्र त्या थंडीविषयी एक अक्षर नव्हते. शाळेत पोर एक दिवस आले नाही तर आम्ही हजेरीपटावर खूण करतो!

पॅरिसच्या दनी नावाच्या डॉक्टराने १६६७ साली एका माणसाच्या शिरेत चक्क वासराचे रक्त घातले. रोग्याची कंबर दुखू लागली, लघवी काजळीसारखी काळी झाली. परके रक्त अंगात फुटल्याची ही खूण. दनीला तिचा अर्थ उमगला नाही. पण त्याने लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला उमगतो. रक्ताचे गट लँडस्टायनरने ओळखले ते १९०१ साली.

आणि गट जुळला म्हणजे झाले, असेही नाही. मुंबईत डॉ. भेंडे यांच्यासमोर असे रक्त आले, की नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' दिसे आणि 'ओ' रक्ताशीच त्याचे हाडवैर! 'ओ'च्या पेशींवर असणारा 'एच' हा पदार्थ या माणसांत नसतोच. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये ही हकीकत छापून आली आणि त्या गटाला जगाने 'बॉम्बे' म्हटले. आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचेच रक्त असे. पण त्याला साधे 'ओ' दिले तर जीव जायचा.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून अशा बाधांची नोंद होऊ लागली. त्यांत दिसले ते असे, की रक्तापेक्षा माणसेच अधिक चुकतात: एकाची पिशवी दुसऱ्याला लागते. आपल्याकडे ही व्यवस्था १० डिसेंबर २०१२ रोजी, साठ वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरू झाली. 'बॉम्बे' गटानंतर साठ वर्षांनी! नोंद ऐच्छिक ठेवली, रोग्याचे नाव गुप्त.

गेल्या वर्षी ताईला पुन्हा रक्त लागले. नळी जोडण्यापूर्वी मी जुनी हकीकत मोठ्या हुशारीने सांगितली. नर्सबाईंनी लगेच कागद ओढला. "किती वेळानं थंडी वाजली? ताप किती चढला? अंगावर पुरळ होतं?"

मला एकाचेही उत्तर देता आले नाही. मीही कुठे लिहून ठेवले होते?