पॉम्पेई : राखेने राखलेले नगर

इटलीत नेपल्सच्या उपसागराजवळ, व्हेसुव्हियस पर्वतापासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर पॉम्पेई हे प्राचीन नगर होते. इ.स.पू. ८० मध्ये ते रोमन वसाहत बनले. सुपीक जमीन, द्राक्षमळे आणि सागरी व्यापार यांवर ते भरभराटीस आले. इ.स. ६२ च्या भूकंपाने नगराची मोठी हानी झाली. पुढे १७ वर्षांनी अखेरचा घाला पडला, तेव्हाही अनेक इमारतींची डागडुजी चालूच होती.

पॉम्पेई लाव्हारसाखाली गाडले गेले, हा समज चुकीचा आहे. इ.स. ७९ मध्ये एका दुपारी व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि रात्रभर नगरावर हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव होत राहिला. त्या भाराने छपरे कोसळली. या अवधीत पुष्कळ लोक निसटले असावेत. जे मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू व राख यांच्या लोटांनी गाठले. उपसागरापलीकडून हा उत्पात पाहणाऱ्या धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्याचा मामा थोरला प्लिनी आरमाराचा प्रमुख होता. मदतीस गेला असता त्याचा अंत झाला.

पत्रांच्या प्रचलित पाठानुसार ती तारीख २४ ऑगस्ट होय. मात्र २०१८ मध्ये एका भिंतीवर १७ ऑक्टोबरशी जुळणारी, कोळशाने लिहिलेली नोंद सापडली. कोळशाचे अक्षर फार टिकत नाही. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा, या मताला बळकटी आली.

उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. आरंभी ते राजसंग्रहासाठी मौल्यवान वस्तू मिळविण्यापुरतेच होते. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी, देह कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या आकृती मिळविल्या. या आकृतींवरून अनेक करुण कथा रचल्या गेल्या. सोन्याचे कंकण घातलेली व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल ही मायलेकरे मानली जात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ती व्यक्ती पुरुष असल्याचे व दोघांत रक्ताचे नाते नसल्याचे आढळले. राखेने देहाकृती जपल्या. नाती मात्र पाहणाऱ्यांनी जोडली होती.

महाराष्ट्राशीही या नगराचा एक धागा जुळतो. १९३८ मध्ये येथील एका घरात हस्तिदंताची सुमारे पाव मीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ असे नाव तिला मिळाले. ती यक्षी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठवाड्यातील तेर व भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य आहे. भारतीय मालापायी रोमचे पाच कोटी सेस्टर्स दरवर्षी खर्ची पडतात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनेच नोंदविली होती. ही मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

१९९७ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या पॉम्पेईला आता ऊन, पाऊस आणि पर्यटकांची वर्दळ यांचे भय आहे. राखेखाली शतकानुशतके टिकलेल्या भिंती उघड्यावर ढासळतात. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही इमारत कोसळली, त्यानंतर युरोपीय संघाच्या साहाय्याने जतनाचे मोठे काम हाती घेण्यात आले. सुमारे ६६ हेक्टरांच्या या नगराचा साधारण एकतृतीयांश भाग अद्याप खणलेला नाही. पुढील पिढ्यांच्या अधिक चांगल्या साधनांसाठी तो तसाच राहू द्यावा, असे अनेक पुरातत्त्वज्ञांचे मत आहे.